आक्षेप नोंदला, पण ऐकला कोणी?

महापालिका, नगर परिषदा आणि जिल्हा परिषदा यांच्या हिशेबांची तपासणी होते, आक्षेपांचे परिच्छेद लिहिले जातात आणि पुढच्या तपासणीत त्यातील कित्येक परिच्छेद पुन्हा तसेच्या तसे लिहावे लागतात. दोष तपासणीत आहे, की तपासणीचे म्हणणे योग्य माणसापर्यंत न पोहोचण्यात?

मुंबई महापालिकेच्या कारभारावरील भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, म्हणजे 'कॅग'चा विशेष अहवाल मार्च २०२३ मध्ये विधानसभेत मांडण्यात आला. २८ नोव्हेंबर २०१९ ते २८ फेब्रुवारी २०२२ या काळातील नऊ विभागांचा सुमारे १२,०२४ कोटी रुपयांचा खर्च तपासावा, अशी राज्य सरकारची विनंती होती. त्यापैकी करोनाकाळातील सुमारे ३,५३९ कोटींच्या खर्चाची कागदपत्रे पालिकेने साथरोगविषयक कायद्याकडे बोट दाखवून दिलीच नाहीत. उरलेल्या सुमारे ८,४८५ कोटींची तपासणी झाली. निविदा न मागवता दिलेली २१४ कोटींची २० कामे, कंत्राटदाराशी रीतसर करारनामाच न केलेली सुमारे ४,७५६ कोटींची ६४ कामे आणि त्रयस्थ लेखापरीक्षक न नेमता केलेली सुमारे ३,३५६ कोटींची १३ कामे, असे तपशील त्यातून बाहेर आले.

पुढे जे घडले ते अपेक्षेप्रमाणेच घडले. राज्यातील सत्तांतरानंतर मागवलेला अहवाल म्हणून एका बाजूने त्याच्या हेतूवर शंका घेतली, तर दुसऱ्या बाजूने त्याचे हत्यार केले. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र मागे पडला. करारनाम्याविना कामे सुरू होत होती, तेव्हा पालिकेच्या स्वतःच्या लेखापरीक्षण यंत्रणेने काय म्हटले होते? म्हटले असेल तर ते कोणाला सांगितले, आणि ज्याला सांगितले त्याने काय उत्तर दिले? शिवाय, ज्या मुंबईकरांच्या करातून हा पैसा आला त्यांचे सभागृह तेव्हा अस्तित्वातच नव्हते. पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकांच्या हाती होता. शहराच्या हिशेबावरचा एवढा गंभीर अहवाल आला, पण त्यावर चर्चा करण्यासाठी शहराकडे सभागृहच नव्हते. जानेवारी २०२६ मध्ये मतदान होऊन राज्यातील महापालिकांत पुन्हा लोकप्रतिनिधी आले आहेत. त्यामुळे हा प्रश्न आता तरी विचारला गेला पाहिजे.

तपासणारे अनेक, ऐकणारे थोडे

स्थानिक संस्थांच्या हिशेबांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणा महाराष्ट्रात कमी आहेत, असे कोणी म्हणू शकणार नाही. ग्रामपंचायती, जिल्हा परिषदा आणि नगर परिषदा यांच्यासाठी वित्त विभागाच्या अखत्यारीतील स्थानिक निधी लेखापरीक्षा संचालनालय आहे. त्याचा मूळ कायदा १९३० सालचा, म्हणजे स्वराज्याहून जुना. महापालिकांना स्वतंत्र मुख्य लेखापरीक्षक असतो. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीनंतर या संस्थांकडे जाणारा निधी वाढला, तेव्हा अकराव्या वित्त आयोगाने 'कॅग'च्या तांत्रिक मार्गदर्शनाची आणि देखरेखीची शिफारस केली. विधिमंडळात लोकलेखा समिती आहे, पंचायत राज समिती आहे. पंधराव्या वित्त आयोगाने तर लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन प्रसिद्ध करणे ही अनुदानाची पूर्वअटच करून टाकली.

एवढ्या पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत जुने आक्षेप वर्षानुवर्षे प्रलंबित राहतात, याचे एक कारण रचनेतच दडलेले आहे. महापालिकेचा मुख्य लेखापरीक्षक आपला अहवाल स्थायी समितीला सादर करतो. मोठ्या खर्चाला आणि कंत्राटांना मंजुरी देणारी समितीही तीच. ज्या समितीने काल एखाद्या कामावर शिक्कामोर्तब केले, तिनेच आज त्या कामावरचा आक्षेप गांभीर्याने ऐकावा, अशी अपेक्षा येथे धरलेली आहे. माणसाच्या स्वभावाचा विचार करता ही अपेक्षा अंमळ मोठीच आहे.

प्रशासकीय राजवटीत या रचनेचा तोल पूर्णच गेला. सभागृह आणि स्थायी समिती यांचे अधिकार प्रशासकाकडे गेले आणि प्रशासक बहुतेक ठिकाणी आयुक्तच होते. म्हणजे प्रस्ताव आयुक्तांचा, मंजुरी आयुक्तांची आणि त्यावरील लेखापरीक्षण अहवाल वाचणारेही आयुक्तच. यात कोणा एका अधिकाऱ्याच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. परंतु बोलणारा, ऐकणारा आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो, यांतील दोघे एकच झाले की संवाद उरत नाही, केवळ पत्रव्यवहार उरतो.

एका परिच्छेदाचा प्रवास

या पत्रव्यवहाराची रीत सरकारी कचेऱ्यांशी परिचय असलेल्या कोणालाही ठाऊक असते. समजा, पाणीपुरवठ्याच्या एखाद्या कामात कंत्राटदाराला अग्रिम दिला होता आणि तो पुरता वसूल न करताच अंतिम देयक अदा झाले. लेखापरीक्षकाच्या हे ध्यानात येते. तो अर्धसमास पत्र काढतो: पानाच्या अर्ध्या भागात आक्षेप, उरलेला अर्धा भाग विभागाच्या उत्तरासाठी कोरा. पत्र विभागप्रमुखाकडून उपअभियंत्याकडे, तेथून लिपिकाच्या टेबलावर जाते. काम ज्याच्या कारकिर्दीत झाले तो अभियंता एव्हाना बदलून गेलेला असतो. मोजमाप पुस्तिका सापडत नाही. स्मरणपत्रे जातात. अखेर त्या कोऱ्या अर्ध्या भागात एक ओळ उमटते: 'अभिलेख उपलब्ध करून घेऊन अनुपालन सादर करण्यात येईल', किंवा 'यापुढे दक्षता घेण्यात येईल'.

या ओळी व्याकरणदृष्ट्या उत्तरे आहेत, पण त्यांत उत्तर काहीच नाही. रक्कम वसूल झाली का, चूक कोणाची होती, अशी चूक पुन्हा होऊ नये म्हणून कार्यपद्धतीत कोणता बदल केला, यांपैकी कशाचाच खुलासा तीत नसतो. आक्षेप प्रलंबित यादीत जातो. यादी वाढत जाते आणि जितकी ती वाढते, तितके प्रत्येक आक्षेपाचे वजन कमी होते. दरम्यान कंत्राटदार नव्या निविदा भरत राहतो, कारण त्याच्या नावावरचा आक्षेप निविदा उघडणाऱ्या टेबलापर्यंत आपोआप पोहोचेल, अशी व्यवस्था फारशी कोठे दिसत नाही. हिशेबाची माहिती एका खोलीत आणि निर्णय दुसऱ्या खोलीत, असा हा प्रकार आहे.

दोष एकट्या विभागांचा आहे असेही नाही. लेखापरीक्षणाची भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. नोंदवहीत एखादी स्वाक्षरी राहून गेली आणि कंत्राटदाराला कोट्यवधी रुपये जादा दिले गेले, या दोन बाबी एकाच सुरात, एकाच क्रमाने, लागोपाठच्या परिच्छेदांत नोंदलेल्या असतात. शेकडो परिच्छेदांच्या त्या रानात मोठा आक्षेप शोधणे हे वाचणाऱ्याचे काम होऊन बसते. नियम व कलमे यांची जंत्री भरपूर असते, मात्र झालेल्या गोष्टीचा नागरिकाच्या नळावर, रस्त्यावर किंवा करपावतीवर काय परिणाम झाला, हे क्वचितच लिहिलेले असते. किरकोळ त्रुटींसाठी धारेवर धरल्या गेलेल्या प्रामाणिक अभियंत्याला मग लेखापरीक्षक हा सहकारी न वाटता पोलीस वाटू लागतो. तो माहिती देण्यापेक्षा ती राखून ठेवण्यात शहाणपण मानतो. दोन्ही बाजू बचावाच्या पवित्र्यात गेल्या की खरी गोष्ट कोणीच कोणाला सांगत नाही.

इंग्लंडचा महागडा धडा

ही केवळ आपल्याकडचीच रड आहे, असे मानून खिन्न होण्याचे कारण नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांची जुनी परंपरा असलेल्या इंग्लंडनेही या प्रश्नाची जबर किंमत मोजली आहे. तेथे १९८३ पासून 'ऑडिट कमिशन' ही स्वतंत्र संस्था नगरपालिकांच्या लेखापरीक्षकांची नेमणूक करीत असे. काटकसरीच्या धोरणात ती बंद करण्याची घोषणा २०१० मध्ये झाली आणि ३१ मार्च २०१५ रोजी तिला टाळे लागले. काम खासगी लेखापरीक्षण कंपन्यांकडे गेले. खर्चात बचत झाल्याचे समाधान फार काळ टिकले नाही. सर टोनी रेडमंड यांनी सप्टेंबर २०२० मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार २०१८-१९ या वर्षाची ४० टक्के लेखापरीक्षणे ठरल्या मुदतीत पूर्ण झाली नव्हती. २०२२-२३ या वर्षासाठी तर ४६७ संस्थांपैकी अवघ्या पाच संस्थांचे लेखापरीक्षण मुदतीत पुरे झाले. आधीच्या वर्षांचे मिळून ९१८ अहवाल थकले होते.

याचे परिणाम कागदापुरते राहिले नाहीत. लंडनजवळच्या वोकिंग या नगरपालिकेने व्यापारी मालमत्तांसाठी भरमसाट कर्जे उचलली होती. जून २०२३ मध्ये तिला जाहीर करावे लागले, की वर्षाला १.६ कोटी पौंडांचा मूळ निधी हाती असताना तूट मात्र १२० कोटी पौंडांची आहे. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण इंग्रजीत नसली तरी तिचा अर्थ तेथील करदात्यांना पुरेपूर कळला.

क्रॉयडन या लंडनच्या उपनगराची कथा आपल्या विषयाच्या अधिक जवळची आहे. तेथील लेखापरीक्षकांनी राखीव निधी तुटपुंजा असल्याचा इशारा आधीच्या वर्षांतही दिला होता. गृहबांधणीसाठी स्थापन केलेल्या आपल्याच कंपनीला नगरपालिकेने सुमारे २० कोटी पौंडांची कर्जे दिली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये लेखापरीक्षकांनी जनहितार्थ अहवाल काढला. पालिकेच्या अवस्थेला त्यांनी दिलेले नाव 'सामूहिक अंधत्व' अशा अर्थाचे होते. पुढच्याच महिन्यात पालिकेने आपण अर्थसंकल्पाचा मेळ घालू शकत नसल्याचे जाहीर केले. आकडे सगळ्यांपुढे होते, इशारेही होते. ते आकडे म्हणजे संकट आहे, ही जाणीव मात्र वेळेवर कोणाच्या मनापर्यंत पोहोचली नाही.

तरीही तेथील व्यवस्थेतील दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. जनहितार्थ अहवाल काढण्याचा अधिकार लेखापरीक्षकाला कायद्यानेच आहे, आणि असा अहवाल आल्यावर साधारण महिन्याभराच्या आत पालिकेच्या सर्वसाधारण सभेने तो खुल्या बैठकीत विचारात घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे दरवर्षी कामकाजाचे ३० दिवस पालिकेचे हिशेब नागरिकांना पाहण्यासाठी खुले असतात आणि स्थानिक मतदार थेट लेखापरीक्षकाकडे हरकत नोंदवू शकतो. रेडमंड यांनी याच्याही पुढे जाऊन म्हटले, की नगरपालिकांचे हिशेब सामान्य करदात्याला समजेनासे झाले आहेत. म्हणून सेवा आणि तिचा खर्च यांचा सोपा, सर्वत्र एकसारखा तक्ता प्रसिद्ध करावा. थकलेल्या कामाचा ढीग उपसण्यासाठी २०२४ मध्ये तेथील सरकारला अंतिम मुदतीचा बडगा उगारावा लागला आणि त्यापायी अनेक ठिकाणी लेखापरीक्षकांना 'मत देता येत नाही' असे लिहून मोकळे व्हावे लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये स्वतंत्र राष्ट्रीय कार्यालय पुन्हा उभारण्याची घोषणा झाली. मोडलेली चौकट परत बसवायला दहा वर्षे जावी लागली.

संवादाचेही लेखापरीक्षण हवे

पैशाचा हिशेब जसा तपासता येतो, तसा संस्थेतील संवादाचाही तपासता येतो, ही कल्पना नवी नाही. अमेरिकी व्यवस्थापन अभ्यासक कीथ डेव्हिस यांनी १९५३ मध्ये एक साधी पद्धत सुचवली. संस्थेतील एखादा ठराविक निरोप घ्यायचा आणि तो कोणाला कळला, केव्हा कळला, कोणाकडून कळला आणि वाटेत त्यातले काय गळून पडले, याचा माग काढायचा. पुढच्याच वर्षी जॉर्ज ओडिऑर्न यांनी 'संवादाचे लेखापरीक्षण' हा शब्दप्रयोग व्यवस्थापनशास्त्रात आणला. १९७०च्या दशकात इंटरनॅशनल कम्युनिकेशन असोसिएशनने त्याची शिस्तबद्ध पद्धत तयार केली. प्रश्नावली, मुलाखती, कोण कोणाशी बोलतो याचा आलेख, प्रत्यक्ष अनुभवांची नोंद आणि रोजनिशी ही त्यातील पाच साधने. तिच्या प्रश्नावलीचे मर्म एका जोडप्रश्नात आहे: एखाद्या विषयाची माहिती तुम्हाला आज किती मिळते, आणि ती किती मिळायला हवी? या दोन उत्तरांमधील अंतर म्हणजे संस्थेचा खरा तुटवडा.

हीच फूटपट्टी आपल्या महापालिकांना लावून पाहता येईल. त्यासाठी मोठ्या समितीची किंवा महागड्या सल्लागाराची गरज नाही. मागील पाच वर्षांतील मोठ्या रकमेचे दहा आक्षेप निवडावेत आणि डेव्हिस यांच्या पद्धतीने त्यांचा माग काढावा. आक्षेप नोंदल्यापासून पहिले उत्तर येईपर्यंत किती दिवस गेले? उत्तरावर सही करणाऱ्याला ते काम थांबवण्याचा किंवा रक्कम वसूल करण्याचा अधिकार होता का? त्याच कंत्राटदाराला पुढचे काम देताना निविदा समितीला हा आक्षेप ठाऊक होता का? प्रभागाच्या नगरसेवकाला तो माहीत होता का? आणि ज्या वस्तीसाठी ते काम होते, तेथील एका तरी नागरिकाला? या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर प्रलंबित आक्षेपांच्या कोणत्याही आकडेवारीपेक्षा संस्थेच्या प्रकृतीचे निदान अधिक नेमके होईल. यशाचे मोजमापही मग बदलेल. किती परिच्छेद लिहिले यापेक्षा किती चुका पुन्हा झाल्या नाहीत, हा आकडा महत्त्वाचा ठरेल.

गावाला आहे, शहराला नाही

येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. महाराष्ट्राच्या १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात अशी तरतूद आहे, की आर्थिक वर्षातील पहिल्या ग्रामसभेपुढे वार्षिक हिशेब, मागील वर्षाचा कारभार अहवाल, पुढील कामांचा कार्यक्रम यांबरोबरच अखेरची लेखापरीक्षण टिप्पणी आणि तिला दिलेली उत्तरेही ठेवली पाहिजेत. आक्षेप आणि उत्तर, दोन्ही एकत्र, सर्व मतदारांसमोर. या तरतुदीचे पालन सर्वत्र मनापासून होते असा दावा कोणी करणार नाही. गणपूर्तीअभावी तहकूब होणाऱ्या ग्रामसभा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. परंतु निदान विचारण्याचा हक्क आणि विचारण्याची जागा कायद्याने गावकऱ्याला दिली आहे.

हजारो कोटींचा अर्थसंकल्प असणाऱ्या शहरातील नागरिकाला अशी जागा नाही. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद महापालिका कायद्यांत आली, ती केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेची अट म्हणून. पण ती प्रत्यक्षात उतरवण्यात कोणत्याच पक्षाला रस दिसला नाही. उरतो तो माहितीचा अधिकार. २००५ च्या या कायद्यातील कलम ४ प्रमाणे सार्वजनिक संस्थांनी माहिती आपणहून प्रसिद्ध करायची असते. व्यवहारात मात्र नागरिकाने अर्ज करायचा, अपील करायचे आणि मिळालेल्या कागदांच्या गठ्ठ्यातून अर्थ शोधायचा, असाच शिरस्ता पडला आहे. कागद देणे आणि सांगणे यांत फरक आहे. आठशे पानांचा अहवाल संकेतस्थळाच्या कोपऱ्यात टाकल्याने कायद्याची अट पुरी होईल, संवाद होणार नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. वार्षिक लेखापरीक्षण अहवालाची दहा पानी मराठी सारांश पुस्तिका प्रसिद्ध करता येईल. तिच्यात मोठे आक्षेप रकमेच्या क्रमाने, विभागाच्या उत्तरासह आणि सद्यःस्थितीसह द्यावेत. हा अहवाल ज्या स्थायी समितीने खर्च मंजूर केला तिच्यापुरता न ठेवता सर्वसाधारण सभेच्या खास बैठकीत, पत्रकार आणि नागरिक यांच्या उपस्थितीत चर्चेला यावा. उत्तरासाठी मुदत असावी आणि मुदत उलटल्यास आक्षेप मान्य आहे असे गृहीत धरून कारवाई सुरू व्हावी. कंत्राटदाराच्या नावावरील मोठे प्रलंबित आक्षेप निविदा समितीपुढील टिपणीत नमूद करणे बंधनकारक करावे. आणि लेखापरीक्षकांनीही प्रत्येक मोठ्या आक्षेपाखाली दोन ओळी साध्या मराठीत लिहाव्यात: काय चुकले आणि त्यामुळे कोणाचे काय नुकसान झाले.

या सूचनांना खर्च जवळपास नाही, म्हणूनच कदाचित त्या होत नसाव्यात. नवे तपासनीस नेमण्यात, नवे पोर्टल काढण्यात घोषणा करता येते. ऐकण्याची घोषणा करता येत नाही. तेव्हा पुढाकार घ्यायचा तर तो नव्याने निवडून आलेल्या नगरसेवकांनी घ्यायला हवा. गेल्या काही वर्षांत त्यांच्या गैरहजेरीत झालेल्या खर्चावरील आक्षेप आजही फायलींमध्ये पडून असतील. ते सभागृहाच्या पटलावर मागवण्यासाठी नवा कायदा लागत नाही. एका सदस्याने लेखी प्रश्न विचारला तरी पुरे आहे. त्या प्रश्नाला 'यापुढे दक्षता घेण्यात येईल' एवढेच उत्तर आले, तर ते उत्तर निदान यावेळी चार भिंतींबाहेर ऐकू येईल.